'२००१' पडद्यावरचं आणि '२००१' पानांवरचं

'२००१ : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट आर्थर सी. क्लार्कच्या कादंबरीवरून काढलेला आहे, असं बरेच जण धरून चालतात. मग शेवट कळला नाही की सल्ला मिळतो, "पुस्तक वाच, सगळा उलगडा होईल." यातली पहिली समजूत चुकीची आहे आणि सल्ला अर्धाच खरा.

क्लार्क आणि चित्रपटाचा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला भेटले. हाताशी होती क्लार्कची 'द सेंटिनेल' ही छोटी कथा. युगांपूर्वी कुणीतरी चंद्रावर ठेवून गेलेली एक वस्तू माणसाला सापडते, एवढंच तिचं बीज. ती त्याने १९४८ साली बीबीसीच्या एका स्पर्धेसाठी लिहिली होती. तिथे तिला बक्षीस मिळालं नाही आणि ती छापून आली १९५१ मध्ये. या बीजातून दोघांनी कादंबरी आणि पटकथा बरोबरीनेच वाढवत नेली. चित्रपट १९६८ च्या एप्रिलमध्ये आला, पुस्तक त्यानंतर काही महिन्यांनी.

ठळक फरक मुक्कामाचा. चित्रपटात 'डिस्कव्हरी' यान गुरूकडे जातं. पुस्तकात ते गुरूजवळून नुसतं जातं, त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा उपयोग करून वेग वाढवतं आणि पुढे शनी गाठतं. कुब्रिकच्या तंत्रज्ञांना शनीची कडी पटतील अशी उभी करता येईनात, म्हणून पडद्यावर गुरूच राहिला. मला पुस्तकातला प्रवास अधिक आवडतो, कारण त्यात खगोलशास्त्राचा खरा आनंद आहे. गुरूचा असा आधार घेऊन 'पायोनियर ११' हे यान पुढे १९७९ मध्ये खरोखरच शनीपाशी पोहोचलं. शिवाय क्लार्कने निवडलेला उपग्रह पाहा : आयापिटस. १६७१ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने तो शोधला; त्याला तो शनीच्या एका बाजूला दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला गेला की दिसेनासा व्हायचा, कारण त्याचा एक अर्धा भाग उजळ आहे आणि दुसरा काळाकुट्ट. हे खरं कोडं क्लार्कने उचललं. त्याच्या आयापिटसवर एक पांढराशुभ्र लंबगोल आहे, त्याच्या मधोमध काळा ठिपका. जवळ गेल्यावर कळतं, तो ठिपका म्हणजे उभी केलेली प्रचंड काळी शिळा. चित्रपटात हे काहीच नाही. तिथली शिळा गुरूजवळ अवकाशात तरंगते.

हॅल ९००० या यानावरच्या संगणकाबाबत मात्र मी चित्रपटाच्या बाजूचा. दोन अंतराळवीर त्याला ऐकू जाऊ नये म्हणून बंद कुपीत बसून बोलतात आणि हॅल काचेतून त्यांचे ओठ वाचतो. हा प्रसंग पुस्तकात नाही. त्या दोघांतल्या बोमनला यानाबाहेर अडवून दार उघडायला हॅल शांत आवाजात नकार देतो, तेही फक्त पडद्यावर. पुस्तकात हॅल उलट यानाची दारं सताड उघडून आतली हवा बाहेर सोडतो. पण हॅल असा का वागला, हे नीट सांगतं ते पुस्तकच : मोहिमेचा खरा हेतू सोबत्यांपासून लपवण्याचा हुकूम आणि सत्य न दडवण्याची त्याची घडण, या ओढाताणीत तो बिघडला. हेतू फक्त हॅललाच माहीत होता, एवढं चित्रपटही एका ध्वनिचित्रफितीतून कळवतो. पुढचं आपल्यावर सोडतो.

शेवटाला दोघांच्या वाटा खऱ्या अर्थाने फुटतात. दोन्हीकडे बोमनचं अखेर ताराबालक होतं. पुस्तकातलं ताराबालक पृथ्वीभोवती फिरणारा अण्वस्त्रांचा साठा आकाशातच फोडून टाकतं. चित्रपटातलं नुसतं पृथ्वीकडे पाहतं. सुरुवातीला वानरमानवाने हवेत भिरकावलेल्या हाडानंतर क्षणात दिसणारे उपग्रह अण्वस्त्रवाहू आहेत, हेही चित्रपट कुठे बोलून दाखवत नाही. म्हणून पुस्तकातलं उत्तर चित्रपटाला जसंच्या तसं लावणं मला पटत नाही. कुब्रिकने ते मुद्दाम बाहेर ठेवलं; पहिली काही मिनिटं तर त्याने संवादाशिवायच काढली आहेत. शिळेच्या आत तारेच तारे भरले आहेत, हा बोमनचा प्रसिद्ध उद्गारही पुस्तकातला. १९६८ च्या चित्रपटात तो शोधून सापडणार नाही.

दोन्ही अनुभवायची असतील तर आधी चित्रपट पाहा, शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर, आणि मध्ये काही दिवस जाऊ द्या. मग पुस्तक. उलट क्रमाने गेलात तर पडद्यावरच्या प्रत्येक शांततेत क्लार्कचं स्पष्टीकरण ऐकू येत राहील. आणि पुस्तकावरून थेट क्लार्कच्या १९८२ मधल्या '२०१०' या पुढच्या कादंबरीकडे वळणार असाल, तर एक लक्षात ठेवा : तिथे 'डिस्कव्हरी' शनीपाशी नाही, गुरूपाशी सापडते. पुढची गोष्ट लिहिताना क्लार्कने आपल्या पुस्तकाऐवजी चित्रपटातला मुक्काम धरला.