सेकंडहँड मोबाईलचा विमा : पात्रता, कागदपत्रं आणि मालकीचा पुरावा

वापरलेला फोन घेताना आपण स्क्रीनवरचे ओरखडे बघतो, बॅटरी किती टक्के उरली ते बघतो, कॅमेरा उघडून एखादा फोटो काढतो. बिलाची आठवण होते ती पैसे देऊन झाल्यावर. विकणारा म्हणतो, "घरी आहे, शोधून पाठवतो." ते बिल सहसा येत नाही. पुढे विमा काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न त्याच बिलाचा निघतो, आणि काढलेल्या विम्याचा क्लेम करायची वेळ आली की दुसऱ्यांदा निघतो.

विमा कंपनीच्या नोंदीत तुमच्या फोनची ओळख म्हणजे १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर. *#०६# डायल केलं की तो स्क्रीनवर येतो. पहिले ८ आकडे मॉडेलचे असतात, त्यामुळे एकाच मॉडेलच्या असंख्य फोनवर ते सारखेच दिसतात. पुढचे ६ आकडे त्या एका फोनचा अनुक्रमांक. शेवटचा आकडा पडताळणीचा. तो आधीच्या १४ आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून टाइप करताना एखादा आकडा चुकला तर बरेच ऑनलाइन फॉर्म नंबर लगेच नाकारतात. दोन सिम चालणाऱ्या फोनला आयएमईआयही दोन असतात. अर्जात एक आणि पोलीस तक्रारीत दुसरा लिहिला, तर कागदावर ते दोन वेगळे फोन होतात. म्हणून जिथे लिहाल तिथे दोन्ही लिहा.

मालकी सिद्ध करणं म्हणजे हा नंबर, तुमचं नाव आणि खरेदीची तारीख या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आणणं. बाकी सगळी खटपट त्यासाठीच.

कोणता जुना फोन विम्याला चालतो

फोन गेला किंवा फुटला तर ज्याचं आर्थिक नुकसान होतं, त्यालाच त्याचा विमा काढता येतो. विम्याच्या भाषेत याला विमायोग्य हित म्हणतात. जुन्या फोनबाबतची कंपन्यांची सावधगिरी इथूनच येते: चोरीचा फोन तुम्ही अगदी प्रामाणिकपणे, पूर्ण पैसे मोजून घेतला असला, तरी बहुतेक देशांच्या कायद्यात तो तुमचा होत नाही. मग नुकसानही तुमचं ठरत नाही.

कंपन्यांच्या अटी एकसारख्या नाहीत, पण ठोकताळा असा. उत्पादक, सिम कंपनी किंवा नोंदणीकृत विक्रेता यांच्याकडून वॉरंटीसह घेतलेल्या रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेल्या, फोनला विमा मिळणं सोपं. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीने घेतलेला फोन काही कंपन्या घेतात, काही सरळ नाकारतात. भेट मिळालेल्या फोनसाठी मूळ खरेदीदाराचं बिल आणि त्याने लिहून दिलेलं पत्र मागितलं जातं.

वयाची मर्यादाही असते, आणि ती कुठून मोजतात ते नीट वाचा. काही पॉलिसी तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजतात, काही तो पहिल्यांदा विकला गेला तिथून. जुन्या फोनच्या बाबतीत हा फरक वर्षांचा असू शकतो.

अर्जाच्या दिवशी फोन चालू स्थितीत आणि धडधाकट हवा. बऱ्याच कंपन्या ॲपमधून तपासणी करतात किंवा आरशासमोर फोन धरून स्क्रीनचा फोटो मागतात. आधीचा तडा लपवून विमा काढण्यात अर्थ नाही. त्यासाठीच तर तो फोटो असतो.

पैसे देण्याआधीचे १० मिनिट

फोन हातात असताना आयएमईआय ४ ठिकाणी जुळवून बघा: *#०६# चा आकडा, सेटिंग्जमधला आकडा, खोक्यावरचं लेबल आणि बिल. खोका आणि फोन वेगवेगळे निघणं दुर्मीळ नाही. कधी त्यामागे लबाडी असते, तर कधी नुसतं इतकंच की दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला किंवा वॉरंटीत दुसरा फोन मिळाला आणि त्याबरोबर नंबरही बदलला. दुसरं कारण असेल तर दुरुस्ती केंद्राचा कागद मागा. जुना आणि नवा आयएमईआय दोन्ही असलेला तो कागद बिलाइतकाच मोलाचा आहे.

नंतर नंबर काळ्या यादीत आहे का ते बघा. चोरीला गेलेल्या फोनचे आयएमईआय सिम कंपन्या ब्लॉक करतात, आणि जगभरातल्या अशा नोंदी एकत्र करणारी यादी जीएसएमए ही मोबाईल कंपन्यांची संघटना चालवते. काही देशांत हप्ते थकलेला फोनही असाच ब्लॉक होतो. म्हणजे आज चालणारा फोन विकणाऱ्याने पुढचे हप्ते बुडवल्यावर बंद पडू शकतो. आजची तपासणी स्वच्छ निघाली तरी उद्याची खात्री ती देत नाही. म्हणून हप्त्यांबद्दलचं वाक्य पावतीत लिहून घ्यायचं.

विकणाऱ्याने आपल्या खात्यातून फोन काढला आहे, हे तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. आयफोनमध्ये २०१३ च्या आयओएस ७ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ५.१ आवृत्तीपासून फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन आलं. दोन्ही म्हणजे फोन पुसला तरी जुन्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागणारं कुलूप. फोन जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेला राहिला, तर क्लेमच्या वेळी यंत्रणा त्यालाच मालक दाखवणार. तुम्ही कितीही पावत्या दाखवा.

पावती अशी लिहून घ्या

मूळ बिल मिळालं तरी ते विकणाऱ्याच्या नावावर आहे. त्याच्याकडून तुमच्यापर्यंतचा दुवा त्यात नाही. तो ही पावती जोडते. मजकूर साधारण असा:

"मी (विकणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, संपर्क क्रमांक) माझ्या मालकीचा (कंपनी, मॉडेल, रंग, स्टोरेज) फोन, आयएमईआय १ : ........, आयएमईआय २ : ........, सिरियल नंबर : ........, आज दिनांक ........ रोजी (घेणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता) यांना ........ (अक्षरी ........) इतक्या रकमेला विकला आहे. पूर्ण रक्कम मला (देयकाचा प्रकार, व्यवहार क्रमांक) मिळाली. सदर फोन चोरीचा नाही व त्यावर कोणतेही कर्ज किंवा हप्ता बाकी नाही. फोन माझ्या खात्यातून काढून टाकला आहे. मूळ बिल सोबत दिले आहे / उपलब्ध नाही."

खाली दोघांच्या सह्या आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. प्रत द्यायला तो कचरला तर निदान ओळखपत्र बघून नाव जुळवा. पैसे रोख देऊ नका. बँकेतून गेलेली रक्कम, पावतीवरची रक्कम आणि तारीख जुळली की हाताने लिहिलेल्या कागदालाही वजन येतं. जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा. एकटा तो पुरावा म्हणून लंगडा आहे, पण जोडीला चालतो.

मी स्वतः एकदा ही सगळी कागदपत्रं नीट फाइल करून खोका मात्र रद्दीत दिला होता. लेबलचा फोटोही काढला नव्हता. तेवढ्या एका फोटोसाठी पुढे पत्रव्यवहार करावा लागला.

अर्ज

इथे फार काही नाही: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, बिल आणि पावती, दोन्ही आयएमईआय, फोनचे फोटो. किंमत लिहिताना तुम्ही मोजलेली लिहा. नव्या फोनची लिहिलीत तर प्रीमियम जास्त भराल आणि भरपाई घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, वजा होऊनच मिळेल. 'फोन नवा आहे का' या रकान्यात खरं तेच भरा. ते एक उत्तर चुकीचं दिलं तर पूर्ण पॉलिसीच रद्द होऊ शकते. बाजारातून स्क्रीन किंवा बॅटरी बदललेली असेल तर तेही कळवा. नाव ओळखपत्रावर, पावतीवर आणि अर्जात एकसारखं हवं.

पॉलिसी हाती आली की सुरुवातीचा प्रतीक्षा काळ बघा. पुष्कळ ठिकाणी तो १४ किंवा ३० दिवसांचा असतो आणि त्यातल्या घटनेचा क्लेम मिळत नाही.

क्लेम करताना

फोन चोरीला गेला तर आधी दुसऱ्या फोनवरून तो हरवल्याचं नोंदवून लॉक करा. मग सिम कंपनीला सांगून सिम आणि आयएमईआय ब्लॉक करून घ्या, त्याचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार द्या आणि प्रतीवर आयएमईआय आला आहे का ते तिथेच वाचा. त्यानंतर विमा कंपनी. अनेक पॉलिसींत या सगळ्याला २४ किंवा ४८ तासांची मुदत असते.

एक चूक मात्र घाबरून बऱ्याच जणांकडून होते: हरवलेला फोन आपल्या खात्याच्या यादीतूनच काढून टाकणं. तसं केलं की लॉक निघतो, चोराचं काम सोपं होतं आणि फोन तुमचा होता याचा चालता पुरावा जातो. क्लेम मंजूर होईपर्यंत तो यादीतच राहू द्या. डेटा पुसायचा असेल तर आधी कंपनीला विचारा. दुरुस्तीच्या क्लेममध्ये उलटं असतं. तिथे फोन देण्याआधी लॉक बंद करायला सांगतात.

कंपनी वापराचा पुरावाही मागू शकते. तुमचं सिम त्या आयएमईआयमध्ये पॉलिसी सुरू झाल्यापासून घटनेपर्यंत चालत होतं, हे सिम कंपनीच्या नोंदीत असतं. इथे एक अडचण येते: फोन मुलगी वापरते, सिम तिच्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या. अर्जातच वापरणाऱ्याचं नाव घातलं असेल तर प्रश्न उरत नाही.

मूळ बिल नसेल तर पूर्ण दार बंद होत नाही. पहिल्या मालकाला विक्रेत्याकडून बिलाची दुसरी प्रत मागता येते. ऑनलाइन खरेदी असेल तर ती त्याच्या खात्यात किंवा ईमेलमध्ये पडलेली असते. तेही जमलं नाही तर तुमची पावती, बँकेची नोंद, खोक्याचं लेबल आणि वापराची नोंद एकत्र द्या आणि एवढ्यावर चालेल का हे विमा काढण्याआधीच कंपनीला ईमेलने विचारा. फोनवर मिळालेल्या 'हो, चालेल'ला पुढे कुणी विचारत नाही. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तक्रार निवारण कक्षाकडे आणि पुढे विमा लोकपालासारख्या यंत्रणेकडे तेच जोडावं लागतं.

दुरुस्तीत फोन बदलून मिळाला तर नवा आयएमईआय पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर पुढचा प्रीमियम तुम्ही हातात नसलेल्या फोनसाठी भरत राहाल. भरपाई मिळाल्यावर हरवलेला फोन सापडला तर तो साधारणपणे कंपनीचा होतो. तसं कळवावं लागतं. आणि फोन पुढे विकलात तर पॉलिसी आपोआप नव्या मालकाकडे जाते असं धरू नका. ती बदलून घ्या किंवा रद्द करा, आणि घेणाऱ्याने मागितली नाही तरी वरची पावती त्याला लिहून द्या, मूळ बिलासकट.