देव मानणारे आणि न मानणारे एकाच पक्षात कसे आले: अमेरिकन उजव्यांच्या युतीची पार्श्वभूमी

अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष बाहेरून बघितला की पहिला प्रश्न हाच पडतो, ही माणसं एकत्र राहतात कशी? एक जण म्हणतो सरकारने माझ्या खिशात हात घालू नये आणि माझ्या बेडरूममध्येही डोकावू नये, गांजा ओढायचा का ते मी बघेन, देव आहे का तेही मीच बघेन. त्याच्या शेजारचा म्हणतो शाळेत प्रार्थना हवी, गर्भपात बंद हवा, समलिंगी लग्नं नकोत. आणि हे दोघं वर्षानुवर्षं एकाच उमेदवाराला मत देत आले. बहुतेक लोक याला मतांचं गणित म्हणून सोडून देतात. गणित होतंच, पण सुरुवातीला त्यामागे एक खराखुरा विचार होता, आणि तो विचार नीट समजून घेतल्याशिवाय आजची भांडणं कळत नाहीत असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात १९५५ पासून करू. १९३० च्या दशकात रूझवेल्टने आणलेल्या सरकारी योजनांनंतर, म्हणजे 'न्यू डील'नंतर, वीस वर्षं अमेरिकेत सरकार वाढतच गेलेलं, आयझेनहॉवर रिपब्लिकन असूनही त्यांनी ते फारसं मागे घेतलं नाही, त्यामुळे 'सरकार लहान हवं' म्हणणारे लोक आपल्याच पक्षात पाहुणे झालेले. अशात नोव्हेंबर १९५५ मध्ये विल्यम बकली या तिशीही न गाठलेल्या श्रीमंत कॅथलिक तरुणाने 'नॅशनल रिव्ह्यू' हे साप्ताहिक काढलं. त्यात त्याने जमवलेली माणसं बघा: परंपरा आणि धर्म हाच समाजाचा पाया मानणारे रसेल कर्क, बाजार आणि व्यक्तिस्वातंत्र्य यापलीकडे काही न मानणारे लोक (यांनाच लिबर्टेरियन म्हणतात), आणि पूर्वीचे कम्युनिस्ट, ज्यांनी पक्ष आतून बघितला होता आणि त्याची भीती ज्यांच्या हाडात बसली होती. या सगळ्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सोव्हिएत रशिया नको आणि वॉशिंग्टनचा पसारा नको एवढ्या दोनच गोष्टींवर एकमत.

पहिला मोठा भडका आयन रँडवरून उडाला. आपल्याकडे रँड इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर हातोहात फिरते, पण ती किती कट्टर नास्तिक होती आणि तिकडच्या धार्मिक उजव्यांना तिचा किती राग होता हे फारसं कोणी सांगत नाही. १९५७ च्या डिसेंबरमध्ये तिच्या 'ॲटलस श्रग्ड' कादंबरीवर नॅशनल रिव्ह्यूमध्ये व्हिटेकर चेंबर्सने परीक्षण लिहिलं. हा चेंबर्स आधी सोव्हिएतांसाठी हेरगिरी केलेला, मग पक्ष सोडून श्रद्धेकडे वळलेला. त्याने लिहिलं की या पुस्तकाच्या जवळपास प्रत्येक पानावरून माणसांना गॅस चेंबरमध्ये जा म्हणून हुकूम सोडणारा आवाज ऐकू येतो. इतकं जहाल. देव काढून टाकला की मग फक्त पैसा आणि ताकद उरते, असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूने बाजारवादी अर्थतज्ञ हायेकनेही १९६० मध्ये 'मी कॉन्झर्व्हेटिव्ह (म्हणजे परंपरावादी) का नाही' असा एक लेखच लिहून ठेवला. म्हणजे दोन्हीकडचे मोठे लोक आमचं जमणार नाही असंच म्हणत होते.

आणि इथे फ्रँक मेयर येतो. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त हाच माणूस आवडतो. नेवार्कच्या ज्यू घरातला, ऑक्सफर्डला शिकलेला, तरुणपणी पक्का कम्युनिस्ट संघटक, १९४५ मध्ये पक्ष सोडला. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळ डोंगरात राहायचा, दिवसा झोपायचा आणि रात्रभर जागून देशभरच्या लेखकांना फोन लावून वाद घालायचा. सरकारी शाळांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने आणि बायको एल्सीने दोन्ही मुलांना घरीच शिकवलं.

मेयरचं म्हणणं थोडक्यात असं. धार्मिक माणूस म्हणतो जीवनाचा हेतू सद्गुण आहे, बरोबर. लिबर्टेरियन म्हणतो राजकारणाचा हेतू स्वातंत्र्य आहे, तेही बरोबर. यात भांडण कुठेच नाही, कारण जबरदस्तीने करून घेतलेलं चांगलं काम चांगलं ठरतच नाही. पोलीस मागे उभा आहे म्हणून मी चोरी केली नाही तर त्यात माझा सद्गुण कुठला? माणसाला वाईट निवडायची मुभा असेल तरच त्याने चांगलं निवडलं याला अर्थ. म्हणून सरकारने माणसाला मोकळं सोडावं, आणि माणूस घडवायचं काम घर, चर्च, शेजार, समाज यांनी करावं. आणि उलट बाजूने लिबर्टेरियन लोकांनाही त्याने सुनावलं, की स्वातंत्र्य हवेत टिकत नाही, माणसाला किंमत आहे हा विचार पश्चिमेत ज्या धर्मपरंपरेतून आला तिलाच लाथ मारलीत तर स्वातंत्र्याची बाजू मांडणार कशाच्या जोरावर? यावर त्याने १९६२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. दोन्ही बाजूंना समान अडचणीत टाकणारा असा युक्तिवाद मी तरी राजकारणात फार कमी बघितलाय.

या विचाराला 'फ्यूजनिझम' (दोन विचार एकत्र वितळवणं) हे नाव दिलं ते ब्रेंट बोझेलने, आणि ते टीका म्हणून. बोझेल बकलीचा मेहुणा, आणि ॲरिझोनाचा रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर याच्या नावावर १९६० मध्ये आलेलं ते गाजलेलं छोटं पुस्तक प्रत्यक्षात लिहिणाराही तोच. पण तो जसजसा श्रद्धेत खोल गेला तसतसं त्याला मेयरचं पटेना. त्याचं म्हणणं, मोह समोर ठेवून माणसाला निवड कर म्हणणं हा कसला धर्म, राज्याचं काम माणसाला चांगलं व्हायला मदत करणं हेच आहे. तो बाहेर पडला आणि १९६६ मध्ये त्याने स्वतःचं कडवं कॅथलिक मासिक काढलं. आज ज्या वादावर एवढी शाई सांडतेय तो अख्खा वाद या दोघांनी तेव्हाच घालून झालाय, हे लक्षात ठेवा.

दरम्यान सप्टेंबर १९६० मध्ये कनेक्टिकटमधल्या शॅरॉन गावी बकलीच्या घरच्या इस्टेटीवर शंभरच्या आसपास पोरंपोरी जमली आणि 'यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम' ही संघटना झाली. त्यांचा जाहीरनामा स्टॅन्टन इव्हान्स या २६ वर्षांच्या संपादकाने लिहिला. त्यात पहिलंच मूल्य काय, तर देवाने दिलेली स्वतंत्र इच्छाशक्ती वापरण्याचा माणसाचा हक्क. आता यातला 'देवाने दिलेली' हा भाग ठेवायचा की नाही यावर तिथे जोरदार वाद झाला, मतदान घ्यावं लागलं, आणि थोडक्या मतांनी देव राहिला. एका वाक्यात दोघांनाही जागा, मेयरचा विचार इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठे उतरला असेल असं वाटत नाही.

आता एक गोष्ट, जी या युतीचे चाहते टाळतात. १९६४ मध्ये गोल्डवॉटर अध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा त्याने नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. त्याचं कारण तत्त्वाचं होतं, खाजगी मालकाने कोणाला दारात घ्यावं हे केंद्र सरकारने सांगू नये. पण तो सपाटून हरला, जिंकली फक्त सहा राज्यं, आणि स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर बाकीची पाचही खोल दक्षिणेतली. तिथल्या गोऱ्या मतदारांनी त्याला मत दिलं ते मालकी हक्काचं तत्त्वज्ञान वाचून नक्कीच नाही. स्वातंत्र्याच्या भाषेखाली वर्णभेद सुखाने लपू शकतो हे तिथे उघड झालं, आणि ते झटकून टाकायला जेवढी धडपड व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण पुढचा टप्पाही तिथूनच सुरू होतो. लोकांना वाटतं गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल आला आणि दुसऱ्या दिवशी चर्च रस्त्यावर उतरली. कॅथलिक उतरले, पण दक्षिणेतले बाप्टिस्ट (प्रोटेस्टंटांचा मोठा पंथ) तेव्हा बऱ्यापैकी शांत होते, १९७१ मध्ये तर त्यांच्या अधिवेशनाने काही परिस्थितींत गर्भपात कायदेशीर असावा असा ठराव केला होता. त्यांना आधी डिवचलं ते कर खात्याने. वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी ख्रिश्चन शाळा-कॉलेजांची करमाफी काढायला सरकारने सुरुवात केली, बॉब जोन्स युनिव्हर्सिटीची गेली, १९७८ मध्ये शाळांसाठी आणखी कडक नियम सुचवले गेले, आणि मग पास्टर लोकांना एकदम सरकारी हस्तक्षेप हा शब्द आपला वाटायला लागला. गर्भपात, समलैंगिकता, शाळेतली प्रार्थना हे सगळं त्याला येऊन मिळालं. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पास्टरने धार्मिक मतदारांची 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली. 'आम्हाला आमच्या पद्धतीने जगू द्या' हीच मागणी दोन्ही गट करत होते, म्हणून जमलं.

तिकडे लिबर्टेरियन लोकांचं काय चाललेलं? १९६९ मध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात व्हिएतनाम आणि सक्तीच्या सैन्यभरतीवरून यंग अमेरिकन्समध्ये उभी फूट पडली, एकाने भर सभेत भरतीचं कार्ड पेटवलं, हाणामारीपर्यंत गेलं. त्यातूनच पुढची हवा तयार झाली, १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्ष, १९७७ मध्ये केटो इन्स्टिट्यूट ही त्यांची अभ्याससंस्था. म्हणजे धार्मिक मतदार आत येत होता तेव्हा लिबर्टेरियनांमधला एक भाग आधीच दाराबाहेर पडला होता.

रेगन दोघांनाही आपला वाटला. १९७५ च्या एका मुलाखतीत तो म्हणाला होता की कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा गाभा लिबर्टेरियनच आहे. आणि ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो पास्टर लोकांसमोर म्हणाला, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला माहितीय, पण मी तुम्हाला देतो. खरं तर कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही त्याचीच, आणि १९७८ मध्ये गे शिक्षकांना काढून टाकायच्या प्रस्तावाला विरोधही त्याने केला. तरी रँडला तो कधीच चालला नाही, भांडवलशाही धर्माला नेऊन बांधतो आणि गर्भपाताचा हक्क नाकारतो म्हणून तिने त्याला मत देऊ नका असं आधीच लिहून टाकलं होतं. सत्तेत आल्यावर वाटणी कशी झाली? वरचा आयकर ७० टक्क्यांवरून २८ वर आला. शाळेतल्या प्रार्थनेची घटनादुरुस्ती मात्र १९८४ मध्ये सिनेटमध्ये पडली. चर्चवाल्यांनी मतं दिली आणि बाजारवाल्यांनी कायदे नेले, ही जी ठसठस पुढे चाळीस वर्षं राहिली ती इथली. आणि गोल्डवॉटर, ज्याच्यापासून हे सुरू झालं, तो म्हातारपणी फॉलवेलवर इतका चिडला की प्रत्येक चांगल्या ख्रिश्चनाने त्याच्या ढुंगणावर लाथ घालावी असं जाहीर बोलून गेला.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन संपलं आणि युतीचा सगळ्यात घट्ट दोरा तुटला. नव्वदीत ग्रोव्हर नॉर्क्विस्ट या करविरोधी कार्यकर्त्याने 'आम्हाला एकटं सोडा' म्हणणाऱ्यांची आघाडी म्हणून पुन्हा जोडाजोड केली, करदाते, बंदूकवाले, घरी मुलांना शिकवणारे आईबाप, सगळे एका टेबलावर. पण २००३ मध्ये समलैंगिक संबंधांवरचा टेक्सासचा कायदा सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा केटो त्या कायद्याच्या विरुद्ध उभी होती, आणि २००५ मध्ये फ्लोरिडातल्या एका बेशुद्ध स्त्रीला नळीतून अन्न देणं थांबवायचं की नाही यावरून काँग्रेसने रातोरात कायदा केला तेव्हा तर लिबर्टेरियन लोकांचा संताप झाला. मात्र २०१८ च्या कोलोराडोच्या केकवाल्याच्या खटल्यात, समलिंगी लग्नाच्या बाजूने आधी कोर्टात गेलेली तीच केटो, लग्नाचा केक करायला नकार देणाऱ्या बेकरच्या बाजूने उभी राहिली. मेयरचा विचार प्रामाणिकपणे पाळला तर असंच वागावं लागतं, दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागतात, आणि मला तरी हे थोर वाटतं.

पण धार्मिक बाजूच्या नव्या पिढीला ते पुरेसं वाटेना. २०१९ मध्ये 'फर्स्ट थिंग्ज' मासिकात जुनी सहमती मेली असं निवेदन आलं, मग सोहराब अहमारी या कॅथलिक लेखकाने, सगळ्यांना समान हक्क मागणाऱ्या डेव्हिड फ्रेंच या ख्रिश्चन वकील-लेखकावर तुटून पडत म्हटलं की सगळ्यांना समान मोकळीक वगैरे पुरे, सत्ता वापरून समाज वळवा. जणू बोझेलच पुन्हा बोलायला लागला.

गंमत नाही, पण विचार करण्यासारखं आहे: मेयरचा घरी शिकलेला धाकटा मुलगा यूजीन पुढे कितीतरी वर्षं फेडरलिस्ट सोसायटी चालवत होता. ती १९८२ ची वकिलांची संघटना, जिथे लिबर्टेरियन आणि धार्मिक वकील आजही शेजारी बसून वाद घालतात, आणि जिच्याशी जोडलेल्या न्यायाधीशांनी २०२२ च्या जूनमध्ये रोचा निकाल रद्द केला. त्याच्या महिनाभर आधी रिनोच्या अधिवेशनात लिबर्टेरियन पक्षाने आपल्या जाहीरनाम्यातून गर्भपाताच्या निवडीचं कलमच काढून टाकलं होतं, त्यावरून त्या पक्षात बराच वाद पेटला. आणि जुलैमध्ये ॲरिझोनाने प्रत्येक मुलाच्या शिक्षणाचा सरकारी पैसा आईबापांना खाजगी शाळेत किंवा घरी शिकवायला वापरता येईल असा कायदा केला. ही कल्पना मिल्टन फ्रीडमन या धर्माशी काही घेणं नसलेल्या अर्थतज्ञाने १९५५ मध्येच लिहून ठेवलेली, आणि तिच्यासाठी मैदानात घाम गाळणाऱ्यांत चर्चच्या शाळांमधले आईबाप पुढे होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आयोवा, आर्कान्सा, फ्लोरिडा, टेक्सास अशी एकेक राज्यं त्याच वाटेने गेलीयत.