वाटी-रुमाल कोळी : फ्रॉन्टिनेला पिरॅमिटेला

उत्तर व मध्य अमेरिकेत आढळणारा, लिनिफिइडी कुलातील एक लहान कोळी. लांबी सुमारे ४ मिमी., वजन साधारण ६ मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम भरायला असे दीडशेहून अधिक कोळी लागतील. झुडपांमध्ये तो दुमजली जाळे विणतो. वरच्या मजल्यावर खोलगट वाटी आणि तिच्याखाली आडवी, पसरट चादर. अमेरिकेत इंग्रजी बोलणारे लोक त्याला ‘बोल अँड डॉयली स्पायडर’ म्हणतात. डॉयली म्हणजे फुलदाणीखाली किंवा ताटलीखाली अंथरतात तो क्रोशाचा रुमाल. हा कोळी भारतात नाही, त्यामुळे त्याला रूढ मराठी नावही नाही. या नोंदीत त्याला वाटी-रुमाल कोळी म्हटले आहे.

कॅनडापासून मध्य अमेरिकेपर्यंत त्याचा आढळ आहे. उंच गवत, रानझुडपे, बागेतले कुंपण, पाइनच्या कोवळ्या फांद्या अशा जागा त्याला मानवतात. न्यू जर्सीत किंवा ओंटारिओत राहणाऱ्या मराठी माणसालाही तो घरामागच्या झुडपांत भेटू शकतो, मात्र शोधायची वेळ सांभाळावी लागते. दुपारी हे जाळे जवळपास अदृश्य असते. सकाळी दव पडलेले असताना किंवा धुके विरळ होताना तेच जाळे दहा पावलांवरून ओळखू येते. दव नसेल तर अभ्यासक जाळ्यावर कॉर्नफ्लॉरची हलकी पूड भुरभुरतात. मग एकेक धागा पांढरा उमटतो आणि छायाचित्रही चांगले येते.

ओळख पटवताना आधी जाळे पाहावे आणि मग कोळी, हा क्रम महत्त्वाचा आहे. नवशिका हमखास उलटे करतो. कोळी दिसला की तो डबीत पकडतो, आणि त्या गडबडीत सर्वांत बोलकी खूण त्याच्याच हाताने फाटून जाते. मूठभर पानांच्या जागेत हे जाळे तीन भागांत उभे असते. सर्वांत वर आडवेतिडवे ताणलेल्या धाग्यांचे दाट जंजाळ. त्याखाली तोंड आकाशाकडे असलेली वाटी. वाटीच्या खाली थोड्या अंतरावर रुमाल. कोळी वाटीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे वाटी आणि रुमाल यांच्यामधल्या पोकळीत, पाठ खाली करून लटकलेला असतो. उडता चिलट किंवा बारीक माशी वरच्या धाग्यांना अडखळते आणि वाटीत पडते. कोळी खालून धावत येतो, जाळ्यातूनच तिला चावतो, विणीतून खाली ओढून घेतो आणि पडलेले भोक पुढे बुजवून टाकतो. या जाळ्याचा भर चिकटपणावर नाही. वरचा अडथळा, उतरती वाटी आणि धाग्यांतून पोहोचणारी थरथर यांवरच सारी शिकार चालते. रुमालाचे काम काय, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे तो खालून येणाऱ्या शत्रूला अडवतो. पोट वर करून उघड्यावर लटकणाऱ्या प्राण्याला असा आडोसा लागणारच.

आता कोळ्याकडे. शिरोवक्ष, म्हणजे डोके व छाती मिळून झालेला पुढचा भाग, एकसारखा तपकिरी आणि बिनठशांचा असतो. पाय लांब, सडपातळ, पिवळसर तपकिरी असून त्यांवर बारीक काटे असतात. डोळे आठ, दोन ओळींत. मादीचे उदर फुगीर असते. पाठीवरून गडद पट्टा जातो आणि दोन्ही कुशींवर पांढरे ठसे उठून दिसतात, त्यांतले काही स्वल्पविरामासारखे वळलेले असतात. भिंगातून पाहणाऱ्याला पहिल्यांदा लक्षात राहते ते हे पांढरे नक्षीकामच. नर मादीपेक्षा सडपातळ, त्याचे उदर अरुंद आणि ठसे फिके. त्याच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोके मात्र गाठीसारखी फुगलेली असतात. अशी फुगलेली टोके दिसली की नर वयात आला किंवा येण्याच्या बेतात आहे असे समजावे.

घोटाळा होतो तो शेजारच्या जातींशी. नेरिएने रेडिएटा ही जवळची नातेवाईक वाटी उपडी घालते. तिचे जाळे घुमटासारखे असते आणि कोळी घुमटाच्या आत लटकतो, शिवाय तिच्या तपकिरी शिरोवक्षाला फिकट कडा असते. अमेरिकेच्या पश्चिम भागात नेरिएने लिटिजिओसा ही तशीच घुमट बांधणारी जात आहे. पिटिओहायफँटिस कॉस्टेटस हा झोळीसारखी चादर विणतो आणि त्याच्या शिरोवक्षावर मधोमध गडद पट्टा असतो, पुढे जाऊन दुभंगणारा. आग्नेय भागातल्या हिरवळीवर दिसणारा फ्लोरिंडा कॉक्सिनिया अंगाने लालभडक आणि उदराच्या टोकाला काळा, त्यामुळे तिथे चूक होण्याचे कारण नाही. मेसिनोजिया लेम्निस्काटा हा तर वेगळ्याच कुलातला, चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्यांचा भाऊबंद, तरी तोही घुमट उभारतो. त्याच्या घुमटाची वीण जवळून पाहिली तर ती बारीक, आखीव चौकटींची निघते. लिनिफिइडी कुलातल्या चादरीत अशी शिस्त नसते, धागे कसेही एकमेकांवरून गेलेले असतात. आपल्याकडे निवडुंगावर, बाभळीवर सिर्टोफोरा प्रजातीचे कोळी तंबू ठोकतात, त्यांचीही वीण चौकटींचीच आणि कुलही चक्राकार जाळेवाल्यांचेच. तेव्हा सह्याद्रीत काढलेल्या तंबूच्या छायाचित्रावर वाटी-रुमाल कोळ्याचे नाव घालणे दोन बाजूंनी चूक ठरते.

एवढे जुळल्यावर अमेरिकेच्या पूर्वेकडे जातीचे नाव बऱ्याच विश्वासाने घेता येते. नैर्ऋत्येकडे तेवढ्यावर भागत नाही. तिथे ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या बाजूला फ्रॉन्टिनेला वाचूका ही, वाचूका डोंगररांगेचे नाव धारण करणारी बहीणजात आहे. गर्च व डेव्हिस यांनी ती १९४६ मध्ये वर्णन केली. अशा वेळी सूक्ष्मदर्शक लागतो.

लिनिफिइडी कुलाचे वर्गीकरण हे कष्टाचे काम आहे. या कुलात ४,७०० हून अधिक जाती आहेत. जातींच्या संख्येत कोळ्यांमध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुलानंतर याचाच क्रमांक लागतो. त्यातल्या पुष्कळ जाती ३ मिमी.पेक्षा लहान, काळपट आणि वरून पाहता एकसारख्या असतात. रंग व ठसे वयाप्रमाणे, अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवल्यावर, किंवा नुसत्या पोट भरलेले-रिकामे असण्यानेही बदलतात. बदलत नाहीत ती जननेंद्रिये. नर आपल्या स्पर्शपादाच्या टोकाशी असलेल्या अवयवातून मादीला शुक्राणू देतो. त्या अवयवातले आकडे, पट्ट्या आणि नळी, तसेच मादीच्या पोटाखालची एपिजाइन नावाची कठीण तबकडी, यांचे आकार प्रत्येक जातीत ठराविक असतात. नराच्या स्पर्शपादावर आकड्यासारखा वळलेला पॅरासिंबियम नावाचा स्वतंत्र तुकडा असतो, तो या कुलाची ओळख देतो. जबड्यांच्या बाहेरच्या बाजूला कानशीसारख्या बारीक रेघा असतात. त्याबरोबर पायांच्या नडगीवर काटे किती व कुठे, शेवटून दुसऱ्या भागावरचा संवेदनशील केस किती अंतरावर, हेही मोजतात.

म्हणून नमुना प्रौढ असावा लागतो. पिल्लाची जननेंद्रिये घडलेलीच नसतात आणि त्याच्यावरून जात ठरवणे बहुधा निव्वळ अंदाज असतो. नमुना ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. मादीची एपिजाइन बारीक सुईने सोडवून, रसायनात ऊती विरघळवून, आतल्या नळ्या दिसतील अशी पारदर्शक करतात. नराचा स्पर्शपाद बाहेरून आणि आतून अशा दोन्ही बाजूंनी रेखाटतात, आणि शक्यतो डावाच, म्हणजे निरनिराळ्या अभ्यासकांची चित्रे शेजारी ठेवून ताडता येतात. छायाचित्रे इतकी सुधारली तरी हे रेखाटन सुटलेले नाही, कारण रेखाटणाऱ्याला कोणती कड कशावरून जाते हे ठरवावेच लागते. कुपीत जी चिठ्ठी घालतात तिच्यावर ठिकाण, तारीख, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. चिठ्ठी नसलेला कोळी कितीही सुरेख असला तरी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. अलीकडे पायाच्या तुकड्यातून डीएनएही काढतात आणि एका ठराविक जनुकाच्या साधारण ६५० अक्षरांची तुलना करतात. नर आणि मादी वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदल्या गेल्या असतील तर हा मार्ग फार उपयोगी पडतो.

या कोळ्याच्या नावाची गोष्ट चित्रांपासून सुरू होते. जॉन ॲबट हा लंडनमध्ये जन्मलेला चित्रकार जॉर्जियात स्थायिक झाला आणि तिथले कीटक, पक्षी, कोळी रंगवत राहिला. फ्रान्समधल्या शार्ल वाल्केनेर यांनी जॉर्जियातल्या बऱ्याच कोळ्यांची वर्णने या चित्रांवरून लिहिली, प्रत्यक्ष नमुना समोर नसताना. पिरॅमिटेला हे नाव त्यांनी १८४१ मध्ये दिले. नऊ वर्षांनी, १८५० मध्ये, निकोलस हेन्ट्झ यांनी याच कोळ्याला कम्युनिस म्हटले. हेन्ट्झ जन्माने फ्रेंच, अमेरिकेच्या दक्षिण भागात शिक्षकी करणारे, आणि त्या देशात कोळ्यांचा पद्धतशीर अभ्यास सुरू करणाऱ्यांपैकी एक. कम्युनिस म्हणजे सर्वत्र आढळणारा, आणि ते वर्णन चपखल आहे. त्या काळी दोघांनीही त्याला लिनिफिया प्रजातीत घातले होते. फ्रॉन्टिनेला ही प्रजाती १९०२ मध्ये फ्रेडरिक पिकार्ड-केंब्रिज यांनी केली.

प्राणिशास्त्राच्या नियमाने जुने नाव आधी. पण जुने नाव चित्रावर उभे असेल आणि नव्या नावाचे मूळ नमुनेही उरले नसतील, तर नेमका कोणता कोळी कोणाला अभिप्रेत होता हे सिद्ध कसे करायचे? हेन्ट्झ यांचा संग्रह नष्ट झाला आहे. चेंबरलिन व आयव्ही यांनी १९४४ मध्ये ॲबटच्या चित्रांचा आधार घेऊन जॉर्जिया परिसरातल्या कोळ्यांची जुनी नावे पुन्हा वापरात आणली. सर्वांना ते पटले नाही. परिणामी विसाव्या शतकातल्या लेखनात हाच कोळी कधी पिरॅमिटेला तर कधी कम्युनिस म्हणून भेटतो, एकाच अभ्यासकाच्या दोन लेखांतसुद्धा. जुने संदर्भ शोधणाऱ्याने दोन्ही नावे हाताशी ठेवावीत.

एवढ्याशा कोळ्यावर इतके लिखाण झाले याचे कारण त्याचे जाळे. ते उघड्यावर असते, ठराविक जागी असते आणि त्यावर जे घडते ते सारे बसून पाहता येते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात एकाच जाळ्यावर नर-मादी दोघेही दिसतात. प्रौढ नराचे आयुष्य अवघ्या काही दिवसांचे. तो स्वतःचे शिकारीचे जाळे विणत बसत नाही, माद्यांची जाळी शोधत हिंडतो. मादीच्या धाग्यांवर गंधद्रव्य असते आणि त्याला पाय लागताच नराचे प्रियाराधन सुरू होते, हे रॉबर्ट सूटर यांनी १९८०च्या दशकात दाखवले. मीलनाचे दोन टप्पे असतात. पहिल्यात नर बराच वेळ स्पर्शपाद जुळवतो, पण शुक्राणू देत नाही. मग तो एक छोटी जाळी विणून तिच्यावर शुक्राणूचा थेंब सोडतो, तो स्पर्शपादांत शोषून घेतो आणि परत येतो. शुक्राणू प्रत्यक्षात देतो ते त्यानंतर.

या मधल्या काळात दुसरा नर आला की भांडण जुंपते. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी १९८३ मध्ये या भांडणांचा हिशेब ‘गेम थिअरी’ या गणिती सिद्धांताने मांडला, आणि प्राणिवर्तनाच्या अभ्यासात तो आजही उदाहरण म्हणून घेतला जातो. आकारात फरक असला तर मोठा नर जिंकतो. दोघे तुल्यबळ असतील तर प्रश्न असतो की जाळ्यावर आधीपासून असलेला नर किती वेळ टिकून लढणार. पहिला टप्पा संपून शुक्राणू देण्याची वेळ आली असताना तो सर्वांत चिवट असतो. शुक्राणू देण्याची पहिली काही मिनिटे उलटली की बहुतेक अंडी त्याच्या नावावर झालेली असतात आणि मग तो लवकर माघार घेतो. मादीला आधी भेटलेल्या नराचेच शुक्राणू बहुतांश अंडी फळवतात, हे ऑस्टॅड यांनीच १९८२ मध्ये दाखवले होते. ती आधीची बाब माहीत नसती तर लढाईचा हा हिशेब लागलाच नसता.

उन्हाचे निरीक्षणही सूटर यांचेच, १९८१चे. कडक उन्हात सापडलेला हा कोळी वाटीखाली लटकल्या जागीच अंग वळवतो, असे की सूर्याला शरीराचा कमीत कमी भाग सामोरा जावा. सावलीत पळाला तर जाळे सुटते, म्हणून तो जागा न सोडता तापमान आवरतो.

त्याच्या जाळ्यावर एक चोरही येतो. निओस्पिंथारस ट्रायगोनम, पूर्वीच्या लेखनातला आर्गायरोडिस, हा त्रिकोणी उदराचा कोळी परक्या जाळ्यावरची शिकार पळवतो, आणि कधी यजमानाला मारून जाळेच बळकावतो. १९८९ मध्ये सूटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाते तपासले. वाटी-रुमाल कोळ्याला हा चोर ओळखता येतो, आणि तो ओळखतो चोराच्या त्वचेवरच्या रसायनांवरून.