भिंतीवर नकाशा नव्हता

14 ऑगस्ट 2003, अमेरिकेतलं ओहायो राज्य. दुपारी 2 वाजून 14 मिनिटांनी फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा बंद पडली. धूर निघाला नाही, स्क्रीन काळे पडले नाहीत. नवे अलार्म यायचे थांबले, एवढंच. शिफ्टवरच्या ऑपरेटरांचा समज झाला की आज सगळं शांत आहे.

2:32 ला शेजारच्या कंपनीतून फोन आला. दोन्ही कंपन्यांना जोडणारी एक लाइन मघाशी ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, परत जोडली गेली, तुमच्याकडे काय दिसतंय? इकडे तशी नोंदच नव्हती. थोड्या वेळाने मुख्य सर्व्हर बसला, मग त्याच्या जागी आलेला राखीव सर्व्हरही. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा स्क्रीन बदलायला जवळजवळ मिनिट लागू लागलं. 3:05 ला 345 किलोव्होल्टची एक लाइन झाडाला टेकून ट्रिप झाली. 3:32 ला दुसरी गेली, 3:41 ला तिसरी. कंट्रोल रूममध्ये ना आवाज, ना लाल दिवा. चार वाजून दहा मिनिटांनंतर काही मिनिटांतच अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारियो प्रांत मिळून सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली.

चौकशी अहवालात सॉफ्टवेअरचा दोष आहे, न छाटलेली झाडं आहेत, अपुरं प्रशिक्षण आहे. त्यातच एक साधं निरीक्षण आहे, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. इतर अनेक वीजकंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये समोरच्या भिंतीवर सगळ्या मोठ्या लाइन आणि वीजकेंद्रं दाखवणारा नकाशा असतो, इथे तो नव्हता. असता तर कोणती लाइन गेली हे कदाचित कोणाच्या तरी नजरेला पडलं असतं. अहवाल ‘कदाचित’वरच थांबतो, आणि ते बरोबरच आहे.

आज नकाशाच्या जागी व्हिडिओ वॉल, म्हणजे भिंतभर पसरलेली स्क्रीन, आली आहे. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय, महापालिकेचा आपत्ती कक्ष, मेट्रो, वीजमंडळ, जिथे जाल तिथे ती असते, आणि उद्घाटनाचा फोटो तिच्यासमोरच निघतो. फोटोत चौसष्ट कॅमेऱ्यांची चौसष्ट चित्रं चमकत असतात. माझ्या मते हाच त्या भिंतीचा सर्वांत वाईट उपयोग. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात रडारवर बसणाऱ्यांसाठी एक प्रयोग केला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक टप्पा पुढे सरकतो आणि क्वचित दोन टप्प्यांची उडी मारतो. ती उडी फक्त टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. तिथे काटा एकच होता.

तपशील पाहायला ऑपरेटरच्या टेबलावर त्याचे स्वतःचे स्क्रीन असतात. भिंत सगळ्यांची. कोणत्याही खुर्चीवरून मान वर केली की ‘आपण आत्ता कुठे आहोत’ याचं उत्तर मिळालं पाहिजे, आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं पाहिजे. महाराष्ट्राच्या वीजजाळ्याचा ताळमेळ ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून राखला जातो. अशा कक्षात सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी, वीजप्रवाह सेकंदाला किती वेळा हेलकावतो तो आकडा. आदर्श 50 हर्ट्झ, आणि तिने 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात राहावं हा देशाच्या ग्रिडचा नियम. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. पण नुसता मोठा आकडा लावून भागत नाही. 49.92 वर असलेली फ्रिक्वेन्सी सावरत असेल तर चहा घेता येतो, घसरत असेल तर फोन उचलावा लागतो. आकडा दोन्ही वेळा तोच असतो. म्हणून आकड्याशेजारी गेल्या काही मिनिटांची रेघ हवीच. फुटाफुटाच्या अंकांपेक्षा ती वीतभर रेघ जास्त बोलते.

आता डोळ्याकडे वळू. निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. पाच मीटरवरून हे अंतर भरतं सुमारे दीड मिलिमीटर. म्हणजे एलईडी भिंतीवरचे दिवे एकमेकांपासून दीड मिलिमीटरवर असतील आणि सर्वांत पुढची खुर्ची पाच मीटरवर असेल, तर त्याहून बारीक भिंतीचे पैसे डोळ्याला दिसतच नाहीत. पैसे मात्र दणकून वाढतात, कारण अंतर निम्मं केलं की दिव्यांची संख्या चौपट होते. एलसीडी पॅनेल जोडून केलेली भिंत स्वस्त पडते, पण प्रत्येक सांध्यावर काळी रेघ राहते, आणि एखादा आकडा नेमका त्या रेघेवर आला की 3 आहे की 8 हा वाद सुरू होतो.

पिक्सेलचा, म्हणजे या दिव्यांचा, हिशोब पुढच्या रांगेसाठी, अक्षरांचा मागच्या. आरामात वाचता यावं म्हणून अक्षराची उंची डोळ्याशी सुमारे एक तृतीयांश अंशाचा कोन करणारी ठेवतात. आठ मीटरवरच्या खुर्चीसाठी ती साडेचार सेंटिमीटरच्या पुढे जाते. आणि हे गणित बसवलेलं आहे रोमन अक्षरांवर. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, खाली उकार, म्हणून त्याच ओळीला जास्त उंची लागते. पिक्सेल कमी पडले की आधी अनुस्वार आणि रफार जातात. मराठी गावांची नावं दाखवायची असलेल्या भिंतीची चाचणी ‘दौंड’ आणि ‘कर्जत’ लिहून घ्यावी.

यानंतर येते ती गोष्ट, जी कागदावर कोणी तपासत नाही. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर असतो. त्याच्यापुढे 70 सेंटिमीटरवर टेबलावरचा मॉनिटर, आणि मॉनिटरची वरची कड 1.3 मीटरवर. डोळ्यापासून त्या कडेवरून सरळ रेषा ओढा. पाच मीटरवरच्या भिंतीला ती 1.9 मीटरच्या उंचीवर टेकते. म्हणजे त्याखालची सगळी भिंत त्या माणसासाठी नाहीच. कोणी टेबलावर मॉनिटरची दुसरी रांग चढवली की भिंतच संपली. भिंत वर सरकवावी तर दिवसभर मान वर करून मानेचे हाल. उपाय एकच, आधी टेबलं आणि मॉनिटर ठरवायचे, मग भिंत. आपल्याकडच्या टेंडरांचा क्रम बहुधा उलटा असतो. पहिल्या पानावर भिंतीचे इंच, शेवटच्या पानावर ‘फर्निचर इत्यादी’.

रंगाबद्दल थोडक्यात. साधारण स्थितीत असलेली प्रत्येक गोष्ट करड्या, मंद रंगात ठेवावी आणि लाल-पिवळा रंग फक्त बिघाडासाठी राखावा. पुरुषांमध्ये काही टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून रंगाच्या जोडीला आकारही बदलावा. अशी भिंत उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना फिकी वाटते. वाटू दे.

मात्र रंग कितीही नेमका असला, तरी दिवा नक्की काय सांगतो हा प्रश्न उरतोच. 28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली आणि तिच्यातून अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी निघून चाललं होतं. पॅनेलवरचा दिवा पाहून ऑपरेटरांनी ती बंद असल्याचं मानलं. दिवा जोडला होता झडपेला दिलेल्या आदेशाला. झडप खरोखर मिटली का, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यातच पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले आणि त्यांची नोंद छापणारा प्रिंटर मागे पडत गेला. 1994 मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेल शुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. दोन-अडीच सेकंदांना एक म्हणा ना. त्यानंतर ब्रिटनमध्ये अलार्मविषयी मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. त्यानुसार एका माणसाला सातत्याने झेपतो तो दहा मिनिटांना एक अलार्म.

आवाजाचं शास्त्र तर भिंतीपेक्षाही दुर्लक्षित. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. जाड आवाजासाठी तो कोणत्या कानाला आधी पोचला ते पाहतो, बारीक आवाजासाठी डोक्याच्या आडोशामुळे कोणत्या कानाला कमी ऐकू आला ते. साधारण दीड ते तीन हजार हर्ट्झच्या मधल्या टापूत दोन्ही खुणा अंधुक होतात. आणि स्वस्तातले बझर नेमके याच टापूच्या आसपास, एकाच सुरात वाजतात. त्यामुळे बैठकीत मोबाइल वाजला की सगळे आपापला खिसा चाचपतात तसं कंट्रोल रूममध्ये होतं. अनेक सूर मिसळलेला आवाज असेल तर दिशा पटकन कळते. वर समोर काच किंवा एलईडीची टणक भिंत, खाली पोकळ फरशी, त्यामुळे खोली घुमते. बोलण्यातले ‘स’, ‘त’, ‘फ’ हे हलके आवाज त्या घुमण्यात आधी बुडतात, आणि फोनवरून आलेला पत्ता चुकतो. मागच्या भिंतीला आणि छताला ध्वनी शोषणारे पॅनेल लावायचा खर्च व्हिडिओ वॉलच्या तुलनेत किरकोळ असतो. कपात करायची वेळ आली की पहिला गळतो तोच.

शिळी माहिती हा या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत कठीण प्रश्न. गोठलेलं चित्र आणि शांत परिस्थितीचं चित्र दिसायला अगदी सारखंच असतं. रात्रीचा रिकामा फलाट दाखवणारा कॅमेरा तासाभरापूर्वी बंद पडला असेल तर बघणाऱ्याला कसं कळणार? म्हणून प्रत्येक चित्रावर मुळाकडून, म्हणजे कॅमेऱ्याकडून किंवा सबस्टेशनकडून आलेली वेळ सेकंदांसह हवी. भिंतीवर चित्रं मांडणाऱ्या यंत्राने, म्हणजे कंट्रोलरने, स्वतःचं घड्याळ वरून चिकटवलं तर उपयोग शून्य, कारण चित्र मेलं तरी ते घड्याळ धावतच राहतं. ठरलेल्या वेळात नवं मूल्य आलं नाही की आकडा आपोआप फिका पडावा किंवा त्यावर काट मारली जावी. आणि अलार्म यंत्रणेवर नजर ठेवणारी छोटी यंत्रणा वेगळ्या संगणकावर, वेगळ्या वायरवर हवी. तिचं काम एकच, ठरावीक वेळाने मुख्य यंत्रणेला ‘आहेस का?’ विचारायचं आणि उत्तर आलं नाही तर ओरडायचं.

कंट्रोल रूमच्या रचनेसाठी आयएसओ 11064 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा भर आधी माणसाचं काम समजून घ्यायचं आणि मग यंत्रं निवडायची यावर आहे. प्रत्यक्षात याची स्वस्त रीत म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर पट्ट्या चिकटवायच्या, खोक्यांचे मॉनिटर मांडायचे, भिंतीवर खऱ्या मापाचा कागद लावायचा आणि रोज शिफ्ट करणाऱ्या माणसांना तासभर बसवायचं. कोणाला काय दिसत नाही ते लगेच समजतं.

यंत्रणा ताब्यात घेताना एक चाचणी करारातच लिहून घ्यावी. कोणालाही न सांगता एका फीडची, म्हणजे भिंतीवर येणाऱ्या एका चित्राची, केबल काढायची आणि कोणाच्या लक्षात किती वेळाने येतं ते मोजायचं. चाचणी पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान करावी, माणसाचं लक्ष तेव्हाच सर्वांत मंद असतं. कंत्राटदार सकाळी अकराची वेळ सुचवेल.