तळटिपांतून वाट : ‘हाऊस ऑफ लीव्हज’च्या वाचनामागची पार्श्वभूमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घर शोधणाऱ्याला कार्पेट एरिया समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या मापातून भिंतींची जाडी वजा होते आणि आतलं माप कमीच भरतं. २००० साली अमेरिकेत निघालेल्या ‘हाऊस ऑफ लीव्हज’ या कादंबरीतली भीती याच वजाबाकीवर उभी आहे. घर आतून मोजलं की बाहेरच्या मापापेक्षा पाव इंच जास्त भरतं. पाव इंच म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. तिथे अजून भूत नाही की किंकाळी नाही, फक्त टेप आणि न जुळणारा आकडा.

सापडलेल्या कागदपत्रांतून भय उभं करण्याची युक्ती जुनी. १७६४ सालची पहिली गॉथिक कादंबरी जुन्या इटालियन पुस्तकाचा अनुवाद म्हणून छापली गेली. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त रोजनिश्या आणि पत्रं आहेत. १९६२ मध्ये एक कविता आणि तिच्यावरच्या टिपा एवढ्यावर आख्खी कादंबरी आली. १९६३ मध्ये प्रकरणं दोन वेगवेगळ्या क्रमांनी वाचता येणारी, तर १९६९ मध्ये डबीत २७ सुट्या भागांची. मुळापेक्षा भाष्य मोठं असणं मराठी वाचकाला नवं नाही. गीतेचे श्लोक ७००, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. ‘टीका’ या शब्दाचा तो जुना अर्थ इथे कामाला येतो, कारण ‘हाऊस ऑफ लीव्हज’ म्हणजे त्या घरावरच्या, अस्तित्वातच नसलेल्या एका चित्रपटावरची एका आंधळ्या म्हाताऱ्याची टीका आहे, त्या टीकेवर एका तरुणाच्या टिपा आणि त्यावर संपादकांच्या. आपल्याकडची भयकथा मात्र दिवाळी अंकांतून आणि वाचनालयांतून सलग वाचायची म्हणून आली. भयकथेत तळटीप शोधायची सवय तिने लावली नाही.

या पुस्तकाला चिकटलेल्या ‘अर्गोडिक’ या शब्दाने बराच घोळ केला आहे. १९९७ मध्ये एका नॉर्वेजियन अभ्यासकाने तो भौतिकशास्त्रातून साहित्यात आणला. मूळ ग्रीक : ‘एर्गॉन’ म्हणजे काम, ‘होडोस’ म्हणजे वाट. संहितेतून पुढे सरकायला वाचकाला खरोखरचं काम करावं लागत असेल तर ती अर्गोडिक. नजर फिरवणं आणि पान उलटणं या कामात धरलेलं नाही. अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे संगणकावरचे शाब्दिक खेळ होते, दुवे निवडत वाचायच्या संहिता होत्या आणि ‘ई चिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथही होता. ही कादंबरी तेव्हा आलेलीच नव्हती. नंतर शब्द सैल झाला आणि आता तिरप्या ओळी, उलटी अक्षरं, रंगीत शब्द दिसले की पुस्तकावर तोच शिक्का बसतो. ते चुकीचं आहे. आडव्या ओळीसाठी पुस्तक फिरवणं म्हणजे वाट निवडणं नव्हे. या कादंबरीची बरीच पानं सरळ वाचता येतात. वाट निवडावी लागते ती टीप दुसऱ्या टिपेकडे पाठवते तिथे, परिशिष्टाकडे बोलावणं येतं तिथे आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर जुळवून वाचायच्या पत्रात. शिक्क्यामुळे वाचक सगळंच कोडं समजतो, प्रत्येक पानावर गुपित शोधतो आणि दीडशेव्या पानाच्या आत थकतो.

प्रत निवडताना ‘हाऊस’ हा शब्द बघावा. रंगीत आवृत्तीत तो सगळीकडे निळा असतो. झेरॉक्समध्ये करडा होतो आणि नजरेतून निसटतो. कोण बोलतंय ते टाइपावरून, म्हणजे अक्षरांच्या वळणावरून, ओळखायचं : आंधळ्या म्हाताऱ्याचा मजकूर टाइम्समध्ये, तरुणाचा कुरिअरमध्ये, संपादकांचा बुकमनमध्ये. खुणेच्या दोन पट्ट्या हव्यात, एक मुख्य मजकुरात आणि दुसरी टिपेत. ७०९ पानांचं हे धूड ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरच उघडावं. तरुणाच्या लांबलचक टिपा तिथे छान जातात. नववं प्रकरण मात्र घरी, टेबलावर, तिसरी पट्टी आणि छोटा आरसा घेऊन.

त्या प्रकरणात टिपा आधी वाचलेल्या टिपांकडे परत पाठवतात. वाचकाला ती छपाईची चूक वाटते आणि तो पुस्तक मिटतो. खरं तर तो भुलभुलैयात आहे, आणि हरवणं हाच तिथला मजकूर आहे. निळ्या चौकटीतली टीप पानामागून पान त्याच जागी येते आणि मागच्या बाजूला उलटी दिसते, जणू कागदाला खिडकी पाडली आहे. त्या घरात काय काय नाही याची ती यादी आहे : रेडिएटर नाहीत, हवा थंड करायची यंत्रणा नाही, आणखी कितीतरी नाही. ती चौकट आधी सलग शेवटपर्यंत वाचावी, मग मागे येऊन मुख्य मजकूर धरावा. दोन्ही एकदम धरले की दोन्ही सुटतात. वास्तूंच्या आणि माणसांच्या नावांच्या लांब याद्यांवरून नजर फिरवली तरी चालेल. पुढे पानावर मोजकेच शब्द उरतात तिथे थांबू नये. पात्रं धावतात त्या वेगाने पानं उलटावीत.

वाद होतो तो ७२ व्या पानावरून. तिथे संपादक सुचवतात की तरुणाला समजून घ्यायचं तर मागच्या परिशिष्टातली त्याच्या आईची पत्रं आत्ताच वाचावीत. पत्रं शेवटी वाचावीत म्हणणारे सांगतात की आधी वाचली तर तरुणाबद्दलचा संशय लवकर येतो. आमच्या मते तो संशय लवकर यायलाच हवा, म्हणून उडी मारावी. एका पत्रात आई सांगते, हे पत्र धड पोचलं असेल तर पुढच्या पत्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बरोबरची खूण कर. ९७ व्या पानाच्या त्याच कोपऱ्यात एक बारीकशी खूण छापलेली आहे. पत्रं न वाचलेल्याला ती आधीच्या वाचकाने पेनाने केलेली वाटते.