मर्चंट नेव्हीतलं ट्रेनिंग आणि जहाजावरची शिस्त

मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजांचा धंदा, नौदलाशी त्याचा काही संबंध नाही, तरी लोक हमखास गल्लत करतात. इथे शिस्त म्हणजे सॅल्यूट ठोकणं नाही, तर ठरलेलं काम ठरलेल्या पद्धतीने, पहाटे तीनला डोळे मिटत असतानाही करणं. आणि ट्रेनिंग म्हणजे तसा माणूस घडवणं, जो पुढे कित्येक महिने वीस-पंचवीस जणांच्या क्रूमध्ये राहणार असतो आणि आग लागली तर फायर ब्रिगेडही आपणच, कोणी जखमी झालं तर दवाखानाही आपणच, असा सगळा मामला असतो.

याचा पाया म्हणजे एसटीसीडब्ल्यू, खलाशांचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट यांचे किमान नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार. आयएमओच्या (संयुक्त राष्ट्रांची सागरी संघटना) पुढाकाराने १९७८ साली झाला, १९८४ पासून लागू. पण सुरुवातीला त्यात बरंच काही "त्या त्या देशाच्या प्रशासनाचं समाधान होईल असं" या धाटणीचं मोघम होतं, म्हणजे एका देशाचं सर्टिफिकेट दणकट आणि दुसऱ्याचं नुसता कागद, म्हणून १९९५ मध्ये तो जवळपास नव्याने लिहिला गेला आणि मग २०१० च्या मनिला दुरुस्त्या आल्या, त्या २०१२ पासून लागू झाल्या. आता ऑफिसर असो की साधा खलाशी, बेसिक सेफ्टीचे कोर्स (समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार वगैरे) सगळ्यांनाच करावे लागतात, आणि ऑफिसरचं लायसन्स दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं.

डेक कॅडेटला (जहाज चालवायला शिकणारा उमेदवार) ऑफिसर व्हायचं तर मान्यताप्राप्त ट्रेनिंगचा भाग म्हणून किमान १२ महिने सी टाइम (जहाजावर काढलेला काळ), त्यातले किमान ६ महिने ब्रिजवरच्या (जहाज जिथून चालवतात ती खोली) वॉचची, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीची कामं, आणि हे सगळं ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात टास्कनिहाय सही घेऊन भरायचं. असं ट्रेनिंग नसेल तर सी टाइम थेट ३६ महिने. शिवाय परीक्षा, ज्यात ओरल्सची (तोंडी परीक्षेची) भीती सगळ्यात जास्त. खरी गोची मात्र कोर्स संपल्यावर होते, कारण कॉलेजातून पोरं भराभर बाहेर पडतात पण जहाजावर कॅडेटचे बंक मोजकेच, आणि याच फटीत एजंट शिरतात. एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार (२००६ चा, २०१३ पासून लागू) नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही, मेडिकल, पासपोर्ट, सीमन बुक (खलाशाचं ओळख-पुस्तक), असा थोडाच खर्च त्याच्यावर टाकता येतो. तरीही पैसे घेतले जातात. आणि जहाज मिळालं तरी काही ठिकाणी कॅडेट म्हणजे फुकटचा मजूर, दिवसभर गंज खरवडायचा, रंग मारायचा, आणि साइन ऑफच्या (जहाज सोडून घरी जाण्याच्या) आदल्या रात्री रेकॉर्ड बुकात धडाधड सह्या.

शिस्तीच्या बाबतीत ज्या अपघाताने सगळ्यांचे डोळे उघडले तो हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ या फेरीचा, ६ मार्च १९८७, बेल्जियममधलं झीब्रुग बंदर. पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच जहाज निघालं, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं आणि काही मिनिटांत ते आडवं झालं, १९३ माणसं गेली. दरवाजे बंद करायचं काम असिस्टंट बोसनचं (बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम), तो असिस्टंट केबिनमध्ये झोपलेला होता. बोसन स्वतः तिथून गेला पण ते आपलं काम नाही म्हणून त्याने हात लावला नाही, आणि ब्रिजवर दरवाजांची स्थिती दाखवणारे दिवेच नव्हते, त्यामुळे उलट काही कळवलं गेलं नाही म्हणजे बंद झाले असं धरून कॅप्टन निघाला. दिव्यांची मागणी आधी ऑफिसकडे गेली होती, ती उडवून लावली गेली होती. चौकशीत ठपका एकट्या खलाशावर न राहता कंपनीच्या वरच्या लोकांपर्यंत गेला. या आणि अशा अपघातांतून आयएसएम कोड (जहाज सुरक्षित चालवण्यासाठी कंपनीवर बंधनकारक आंतरराष्ट्रीय नियम) आला, १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा, आणि जहाजावरून थेट कंपनीच्या टॉप मॅनेजमेंटपर्यंत पोचू शकेल असा किनाऱ्यावरचा एक नेमलेला माणूस, डीपीए, ठेवणं बंधनकारक झालं. त्याचा दुष्परिणाम असा की चेकलिस्टांचा पूर आला, आणि चेकलिस्ट न वाचता टिक मारणं ही नवीनच बेशिस्त सुरू झाली.

सगळ्यात जास्त खोटं लिहिलं जातं ते बहुतेक रेस्ट अवर्सच्या शीटमध्ये. नियम असा: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ७ दिवसांत ७७ तास, १० तासांचे जास्तीत जास्त दोन तुकडे आणि त्यातला एक सलग ६ तासांचा. चार तास वॉच, आठ तास सुट्टी यात हे आरामात बसतं. पण छोट्या जहाजावर दोनच ऑफिसर सहा-सहा तासांच्या पाळीत असले की हँडओव्हर आणि जेवण त्या सहा तासांतच, मग झोप कुठून आणायची? वर पोर्ट आलं, कार्गो सुरू झाला, इन्स्पेक्शनवाले चढले. कॉम्प्युटरवर शीट भरली की नियम मोडलेला चौकोन लाल होतो, वरून सांगितलं जातं जरा अॅडजस्ट कर, आणि हिरवा होतो. वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये यावर अभ्यास केला, त्यातही हीच अॅडजस्टमेंटची सवय दिसली. माझ्या मते इथे खलाशाला बेशिस्त म्हणणं अन्याय आहे, माणसंच कमी दिली की कागद खोटा होणारच.

बंदिस्त जागेत शिरणं मात्र अशी गोष्ट आहे की तिथे कितीही घाई असली तरी सूट नाही. टँक, चेन लॉकर (नांगराची साखळी ठेवायची जागा), कार्गो होल्ड (माल ठेवायची जागा) यांत नुसत्या गंजानेसुद्धा ऑक्सिजन कमी होतो आणि वास काहीच येत नाही. म्हणून आधी हवा खेळती करायची, मग मीटर वर, मध्ये, तळाशी सोडून ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आहे ना ते बघायचं, विषारी आणि ज्वालाग्राही गॅस तपासायचे, परमिट लिहायचं, तोंडाशी एक माणूस रेडिओ घेऊन उभा करायचा. एवढं असूनही माणसं मरतात, आणि पुष्कळदा एक पडला की त्याला काढायला धावलेला दुसराही जातो, कारण समोर सोबती पडलेला दिसत असताना श्वसनयंत्र यायची वाट बघत थांबणं फार अवघड असतं. हे सांगून जमत नाही, ड्रिल करून अंगवळणी पडावं लागतं, म्हणून २०१५ पासून याचं ड्रिल दर दोन महिन्यांनी सक्तीचं आहे. आग आणि जहाज सोडण्याचं ड्रिल महिन्यातून एकदा.

मनिला दुरुस्त्यांनी ऑफिसरांना टीमवर्क आणि लीडरशिपचं ट्रेनिंगही लावलं, मुख्य हेतू हा की कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर थर्ड मेटने (कनिष्ठ डेक ऑफिसर) तोंड उघडावं. १ जानेवारी २०२६ पासून बेसिक सेफ्टीच्या कोर्समध्ये दादागिरी, छळ आणि लैंगिक अत्याचार कसे रोखायचे, झाल्यास काय करायचं, हाही भाग आला आहे.