विंडोजवर लिहिलेली सीडी मॅकवर उघडत नाही?

विंडोजवर लिहिलेली डेटा सीडी मॅकवर किंवा लिनक्सवर उघडत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते; ते खरे नाही. सीडी कोणत्याही संगणकावर वाचता यावी याचसाठी १९८८ सालचे आयएसओ ९६६० हे मानक आहे आणि तिन्ही प्रणाली ते वाचतात. गैरसमजाचे मूळ फाइलींच्या नावांत आहे. मानकाच्या पहिल्या स्तरावर नावाला ८ आणि एक्स्टेन्शनला (नावातील टिंबानंतरच्या भागाला) ३ अक्षरेच मिळतात, त्यामुळे लांब नाव तुटते आणि फाइलच बिघडली असे वाटते, वस्तुतः आतला मजकूर शाबूत असतो. लांब नावांसाठी या मानकाला जोडलेले विस्तार, विंडोजचे जोलिएट आणि युनिक्सचे (लिनक्स त्याच धाटणीची प्रणाली) रॉक रिज, एकाच सीडीवर, फाइलींची दुसरी प्रत न करता, नांदतात. सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये या दोन्ही पर्यायांवर खूण करावी. सीडी ‘फायनलाइझ’ करणे, म्हणजे लेखन पूर्ण करून ती बंद करणेही महत्त्वाचे, कारण अर्धवट सोडलेली सीडी दुसऱ्या संगणकावर कित्येकदा रिकामीच दिसते.